नागनिकेच्या अकरा वह्या

विभाताई टोकियोजवळच्या ग्योतोकुला आमच्याच इमारतीत राहायच्या. पुण्यात त्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायच्या. नाणेघाटाच्या लेण्यात बसून सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख त्यांनी अक्षर न् अक्षर उतरवून घेतला होता. नवऱ्याची बदली झाली, तेव्हा त्या नोंदींच्या अकरा वह्या घेऊन त्या इथे आल्या आणि बेंतोचे, म्हणजे तयार जेवणाचे, डबे भरायच्या कारखान्यात पार्टटाइम लागल्या.

एका मंगळवारी, रद्दीच्या दिवशी, नवऱ्याने, रणजितने, त्या वह्या सुतळीने बांधून खाली ठेवल्या. घरात जागा नव्हती म्हणे. गोल्फच्या काठ्यांना होती. विभाताई कामावरून आल्या तेव्हा गाडी येऊन गेली होती. खाली झाडणाऱ्या जपानी आजींनी तर कौतुकच केलं, "किती व्यवस्थित बांधलं होतं!"

शनिवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. रणजित म्हणाला, "विभा, तुझे सातवाहन म्हणून दाखव ना. हिला ओळीनं पाठ आहेत!"

"सिमुक, कृष्ण, सातकर्णी..." एवढं म्हणून त्या थांबल्या.

"राजे पाठ," रणजित म्हणाला, "पण सहा वर्षांत रद्दीचा वार काही पाठ झाला नाही!"

सगळे हसले. माझ्या तोंडात विभाताईंनीच वाढलेली पुरणपोळी होती. मीही हसलो.