आठ वर्षांची बॅटरी

आईच्या कपाटात, औषधांच्या डब्याशेजारी, एका प्लास्टिकच्या पिशवीत अण्णांचा पेसमेकर आहे. काडेपेटीपेक्षाही लहान. चितेत त्याचा स्फोट होतो, म्हणून हॉस्पिटलातच काढून तो माझ्या हातात दिला होता.

गेल्या वर्षी अण्णांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तिसरी किमो झाली त्याच आठवड्यात पेसमेकर तपासायची तारीख होती. टेक्निशियन बाईंनी छातीवर यंत्र टेकवलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, बॅटरी अजून आठ वर्षं आरामात चालेल."

आईने तेवढंच धरून ठेवलं. घरी येताच मावशीला फोन केला, "आठ वर्षं म्हणालेत." कॅन्सरच्या डॉक्टरांनी मला काही महिनेच सांगितले होते. ते मी आईला सांगितलं नव्हतं. अण्णा सगळं ऐकून शर्ट बदलायला आत गेले.

हृदयाची फाइल वेगळी, कॅन्सरची वेगळी. हृदयाच्या फाइलमध्ये अण्णा शेवटपर्यंत ठणठणीत होते.

काम झालं की शरीरातच विरघळून जाणाऱ्या पेसमेकरवर संशोधन चालू आहे, असं परवा पेपरात वाचलं. चांगलंच आहे. पण मग आईच्या हाताला काय लागलं असतं, असंही वाटून गेलं.

मधूनच आई ती पिशवी उघडते. तो तळहातावर घेऊन मूठ मिटते.

"अजून चालू असेल ना रे हे?"

"हो," मी म्हणतो. "सात वर्षं तरी."