दसऱ्याला उरलेला बुटांचा जोड

दुसरबीडचे नारायणभाऊ आज सकाळी वारले.

त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली होती.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. खामगावात एका जिनिंग फॅक्टरीची फुटबॉल टीम होती. आम्हाला पगार खेळण्याचाच. टीममधून नाव गेलं की पगारही गेला आणि राहायची खोलीही.

भाऊ गोलकीपर. मी वरवट बकालचा, त्यांच्यापुढे डावीकडे बॅक.

त्या वर्षी नवा सीझन तोंडावर आला आणि टीमचं काही खरं नव्हतं. दोन्ही फॉरवर्ड नागपूरच्या टीमने उचलले. सेंटर हाफ टायफॉइडमधून उठलेला, मैदानाला दोन चकरा मारल्या की खाली बसायचा.

चहाच्या टपरीवर मात्र एकच बोलणं.
"नारायण हाय न गोलमंधी! मंग कायचं भेव?"

फक्त मला माहीत होतं. भाऊंना डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं.

बॉल डावीकडून आला की मी ओरडायचो, "भाऊ, डावी!" आणि ते झेप घ्यायचे. लोक म्हणायचे, काय जोडी आहे!

"कोणाले सांगू नको बे," भाऊ म्हणाले होते. "हा एक सीझन निघू दे. मले दुसरं काय येते?"

"नाही सांगत भाऊ," मी म्हणालो.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्यांचे बूट कापसाच्या प्रेसपुढे मांडायचे. हळदकुंकू, झेंडूची फुलं. दसऱ्याच्या सकाळी मॅनेजरसाहेब एकेक जोड उचलून ज्याच्या त्याच्या हातात द्यायचे. ज्याचा जोड उचलला नाही, तो टीमबाहेर. कारण कोणी विचारायचं नाही, अशी रीत.

खंडेनवमीच्या दुपारी साहेबांनी मला बोलावलं.
"यंदा तुला कॅप्टन करावं म्हणतो. खरं सांग, टीममध्ये कच्चं कोण आहे?"

कॅप्टन हा शब्द ऐकला आणि मी पाघळलो. टीमच्या भल्यासाठी सांगतोय, अशी मनाची समजूत घातली. साफ खोटी.

दसऱ्याला एकच जोड उरला.

भाऊंनी तो स्वतःच उचलला. झेंडूच्या पाकळ्या झटकल्या. मग खिशातून आपट्याचं पान काढून माझ्या हातावर ठेवलं.

"घे बे सोनं. सोन्यासारखा राह्य."

डोळ्याचं माहीत असलेला मी एकटाच होतो. हे त्यांना कळत नव्हतं थोडंच?

पहिलीच मॅच. बॉल डावीकडून आला आणि मी सवयीने ओरडलो, "भाऊ, डावी!"

नवा गोलकीपर बॉल सोडून माझ्याकडेच बघत राहिला. गोल.

दिवाळीआधीच आमचा सीझन आटोपला. पुढच्या वर्षी फॅक्टरीने टीमच मोडली.

भाऊ गावी जाऊन दुसऱ्याच्या किराणा दुकानात तराजूपाशी बसले. पुढे कितीदा तरी मला एसटी स्टँडवर दिसले. दर वेळी मी त्यांच्या डाव्या बाजूने निघून जायचो.

त्यांना दिसू नये म्हणून.

एकदा तसाच चाललो होतो. भाऊ मान न वळवता म्हणाले,
"काऊन बे, आज वरडला नाही?"

माझे पाय थांबले नाहीत. वळून बघायचीही हिंमत झाली नाही.

भाऊ, साहेबांना मीच सांगितलं होतं. तुम्ही असताना तोंड उघडलं नाही, आज चार लोकांसमोर सांगतोय.

श्रद्धांजली वाहायचा मला हक्क नाही. नुसता रामराम घ्या.