नाव कापलेली स्ट्रिप

दिवसभर कॉलेजात औषधांची नावं शिकवून घरी आले की बोलायचंही त्राण उरत नाही. एकेका औषधाला तीन-तीन नावं: रसायनाचं लांबलचक, जगभर चालणारं आणि कंपनीनं विकायला ठेवलेलं. वर्षानुवर्षं चाचण्या, मग परवानग्या, तेव्हा कुठे नाव स्ट्रिपवर छापलं जातं. आणि सुट्या गोळ्या देताना केमिस्ट कात्रीनं नेमकं तेच कापतो. आज आईच्या औषधांच्या डब्यात असाच नाव नसलेला तुकडा सापडला.

"आई, ही कुठली गं?"

"ती होय? ह्यांची गोळी."

बाबा गेल्यावर तिलाही रक्तदाब जडला, डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली. मी पाणी दिलं. बाबांची गोळी आईनं गिळली.