गाव विचारलं तर मलकापूर

माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर दोनदा चढली. पहिल्यांदा पंच्याऐंशीच्या जूनमध्ये, भडगावहून जळगावला जाताना. हमालाला हात लावू न देता आबांनी ती स्वतः शिडीवरून वर नेली, दोरीने आवळली आणि धोतराला हात पुसत माझ्या खिडकीशी आले. माय पदर तोंडाला लावून मागे उभी होती. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे अशा वेळी काय बोलतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गाडी सुरू झाली तेव्हा आबा म्हणाले, "कोनी इचारं ते सांगजो, मी आबानी पोर शे." गिरणेच्या काठाला आमची केळी आणि कापूस, आसपासच्या गावांत आबांना मान. आपलं नाव जळगावपर्यंत पोचतं, अशी त्यांची समजूत होती. ती खरी निघाली, सगळा घोळ तिथेच झाला.

दुसऱ्यांदा पेटी चढली ती परत येताना, पण त्याला वेळ आहे.

कुमुद, लता, हे तुमच्यासाठी लिहितेय. मायलाही कोणीतरी वाचून दाखवा. वाचणाऱ्याने मधली पानं गाळली तरी तिला कळतील.

होस्टेलवर आम्ही तिघी एका खोलीत होतो. कुमुद शिरपूरची, तोंडाची फटकळ. लता धुळ्याची, पाल दिसली तरी रेक्टरबाईंना हाक मारणारी. आठवडाभर कॉलेज ते खोली आणि खोली ते मेस. खिडकीतून एक भिंत दिसायची, भिंतीपलीकडे डाळमिलची धुराडी. माझ्या घरी खिडकी नव्हती, पण दार होतं, आणि दारातून थेट शेतापर्यंत चालत जाता यायचं. इथे फाटकाला कुलूप, कुलपाला रखवालदार आणि त्याच्यावर रेक्टरबाई. रविवारी दोन ते सहा फाटक उघडायचं. रजिस्टरमध्ये कुठे, कशाला, कोणाबरोबर ते लिहायचं. आम्ही दर रविवारी 'वह्या खरेदी' लिहायचो. एवढ्या वह्या आम्ही खरंच घेतल्या असत्या तर तिघींना पीएचडी मिळाली असती.

चार तास मोकळे आणि हातात जवळजवळ काही नाही, तर जळगावच्या बाजारात पोरींनी करायचं काय? आम्ही पुष्कळ शोधून काढलं. स्टेशनच्या पुलावर उभं राहून गाड्या बघायच्या आणि कोणत्या डब्यात बसलो असतो ते ठरवायचं. टीव्हीच्या दुकानाबाहेर काचेला नाक लावून आवाजाविना चाललेला कार्यक्रम बघायचा, संवाद कुमुद घालायची. थंडीत मेहरूणची बोरं, एकीने घ्यायची आणि तिघींनी खायची. साडीच्या दुकानांसमोरून सावकाश चालायचं. पण फेब्रुवारी उजाडला की जळगावचं ऊन डोक्यावर बसतं, मग पूलही तापतो आणि काचही. मुलं चहाच्या टपरीवर बसू शकत होती, तलावात पोहू शकत होती. आम्ही कुठेही दोन मिनिटं थांबलो की कोणीतरी बघायला लागायचं.

सराफ बाजार हा कुमुदचा शोध. सोन्याच्या दुकानात पांढरी गादी असते, पंखा असतो, माठातलं गार पाणी आपणहून पुढे येतं आणि तासभर बसलं तरी कोणी ऊठ म्हणत नाही. फक्त घरात लग्न असायला हवं. मग आमच्यात दर रविवारी एकीचं लग्न असायचं. एक नवरी, एक बहीण आणि कुमुद कायमची वहिनी, कारण बांगड्यांच्या गाडीवरून तिने काळ्या मण्यांची पोत घेतली होती. नवरीने खाली बघायचं, बहिणीने नाक मुरडायचं, वहिनीने म्हणायचं, "भावजींना विचारून पुढच्या रविवारी येतो." नियम दोनच. एका दुकानात दुसऱ्यांदा जायचं नाही. आणि गाव विचारलं तर मलकापूर सांगायचं. मलकापूर का? तर ते जिल्ह्याबाहेर, तिथलं कोणी ओळखणारं निघायची भीती नाही, आणि आमच्यापैकी कोणीच ते पाहिलेलं नव्हतं.

हसू नका, पण आठवडाभर मी त्या गादीची वाट बघायची. सोन्याचं मला फारसं अप्रूप नव्हतं. त्या तासाभरात आम्हाला कोणीतरी 'या, बसा' म्हणायचं, त्याचं होतं.

दुसऱ्या वर्षी माघात नवरी व्हायची माझी पाळी आली. दुकान जुनं, गल्लीच्या टोकाचं. काळी टोपी घातलेले म्हातारे मुनीमकाका स्वतः दाखवायला बसले. त्यांनी माझ्यासमोर एकदाणी ठेवली, बोराएवढ्या सोन्याच्या मण्यांची एकच सर. मी ती गळ्याला लावली. आरशात बघितलं आणि मला एकदम माय आठवली, तिची अशीच होती, आत्याच्या लग्नात मोडलेली. तेवढ्यात काकांनी विचारलं, "गाव कोणतं, बेटा?"

दीड वर्षात त्या शहरात मला कोणी गाव विचारलं नव्हतं. रोल नंबर विचारायचे, खोली नंबर विचारायचे. कुमुदने पदराआडून माझ्या मांडीला चिमटा काढला. मला चिमटा कळला, नियम आठवला, तरी तोंडातून निघालं, "भडगाव." "कोणाची तू?" मग मी आबांचं नाव सांगितलं. पूर्ण, आजोबांसकट. आबांनी शिकवलं होतं तसं.

काकांनी टोपी सारखी केली. "आबांची लेक! अगं, तुझ्या आत्यांचं सगळं सोनं याच गादीवर झालं." पेढे मागवले, चहा मागवला. कुमुद आणि लताचे चेहरे पांढरे पडले होते, आणि मी मात्र मजेत बसले होते. त्या वर्षातला तो माझा सगळ्यात सुखाचा तास होता, हे आज लिहितानाही नाकारत नाही.

पुढच्या गुरुवारी भेटीच्या खोलीत आबा बसलेले दिसले. त्यांनी टेबलावर एक पोस्टकार्ड ठेवलं. सुंदर वळणदार अक्षरात काकांनी लिहिलं होतं की, कन्येच्या विवाहाचे कळून अत्यानंद झाला, चिरंजीव मुलीने पसंत केलेली एकदाणी आपल्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. त्यात वाईट एक अक्षर नव्हतं. पण कार्ड उघडं असतं. ते आधी पोस्टमनने वाचलं, मग गल्लीने, मग पारावर बसलेल्यांनी, आणि सगळ्यांच्या शेवटी आबांना मिळालं. तोवर दोन घरांतून साखर येऊन गेली होती.

"नवरदेव कोन शे?" आबांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मुलीने बापाला न सांगता जळगावात कोणीतरी ठरवलाय, एवढंच त्या कार्डावरून गावाने वाचलं होतं.

"कोनीच नही, आबा," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. पूल, बोरं, गादी, मलकापूर. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कार्ड उलटंसुलटं केलं. मग म्हणाले, "गावले काय सांगू? पोर खोटंखोटं लगीन खेळी राहिनी?" आणि उठता उठता, "मीच तुले सांगेल व्हतं, नाव सांगजो म्हनीसन."

कार्ड खोटं म्हणावं तर पोर खोटी ठरत होती. म्हणून आबांनी कार्ड खरं केलं. महिन्याभरात नात्यातलं स्थळ आलं, मुलगा सुरतेला कापड मार्केटात नोकरीला. मी एकदाच तोंड उघडलं, "सेकंड इयरची परीक्षा तेवढी देऊ द्या." आबा म्हणाले, "देजो ना, लगीन झाल्यावर देजो." ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला बीएस्सी करून भडगावच्या हायस्कूलात सायन्स शिकवायचं होतं, हे सगळ्या घराला माहीत होतं. लग्नाच्या गडबडीत ते कोणी विसरलं नाही, नुसतं बाजूला सारून ठेवलं. पेटी पुन्हा टपावर चढली. या वेळी हमालाने चढवली. लता रडली, कुमुद फाटकापर्यंत आलीच नाही.

लग्नात माझ्या गळ्यात तीच एकदाणी होती. सगळे म्हणाले, काय भाग्याची पोर, पसंतीचं मिळालं.

सुरतेत आता बारा वर्षं झाली. उधन्याला दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली लूमचा खडखडाट, तो बंद पडला तर झोप मोडते. मी 'केम छो, बेन' म्हणते, रविवारी खमण आणते, मुलीचा गुजराती अभ्यास घेते. हे माणूस म्हणून चांगले आहेत. परीक्षेचं दरवर्षी विचारायचे, आणि दरवर्षी काहीतरी असायचं. एकदा बाळंतपण, एकदा सासूबाईंचं ऑपरेशन, मग नुसताच मार्च यायचा आणि जायचा. ते विचारायचे थांबले त्या वर्षी मी गॅलरीत जाऊन रडले. भडगावला गेलं की लोक सुरतवाली म्हणतात. इथे कोणी गाव विचारलं की मी विषय बदलते, कारण हे नाव सांगण्याची मी काय किंमत दिली ते समोरच्याला कुठे ठाऊक असतं? कुमुद, तू पत्रात लिहिलंस की खेळ तू काढलास म्हणून दोष तुझा. खेळ तू काढलास, पण नियमही तूच केला होतास. मोडला मी.

परवा नणंदेच्या लग्नाचं सोनं घ्यायला सासूबाईंबरोबर जळगावला गेले. रविवार होता. जुन्या दुकानात जायची माझी छाती झाली नाही, शेजारच्यात गेलो. आता तिथे एसी आहे, काचेचं दार आहे. आम्ही बसलो असताना तीन मुली आत आल्या. एकीच्या कपाळाला जरा जास्तच मोठी टिकली, साडीला तीन सेफ्टी पिना. दुसरी उगाच नाक मुरडत होती. तिसरी खाली बघत होती, तिच्या बोटांना शाई होती.

सेल्समनने हार पुढे ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, "गाव कोणतं, ताई?"

खाली बघणारीने मान वर केली. तिचा चेहरा कसा मऊ होत गेला ते मी पाहिलं. तो चेहरा मला ठाऊक होता. तिचे ओठ उघडायच्या आत मी मोठ्याने म्हटलं, "मलकापूर!"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू वळखस का यासले?"

"हो, माझ्या मैत्रिणीकडच्या आहेत."

मोठ्या टिकलीवाली हुशार होती. "हो, मलकापूरच्याच आम्ही," ती म्हणाली, "भावजींना विचारून येतो," आणि दोघींना उठवून दाराकडे निघाली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने त्यांच्यामागोमाग दाराशी गेले. शाईच्या बोटांची मुलगी पायरीवर थांबली होती. भेदरलेली होती, पण हसतही होती.

"काकू, तुम्ही पण मलकापूरच्या का?"

"हो," मी म्हटलं, आणि गाव विचारल्यावर बारा वर्षांत पहिल्यांदाच विषय बदलला नाही. "सहा वाजत आले. पळा, फाटक बंद होईल."