सत्तावीस जणांचा कोट

माझी आत्या फोटोतली माणसं दुरुस्त करायची. जिवंत माणसं दुरुस्त करण्याचाही तिला भारी सोस होता, पण ती तिच्यासमोर फार वेळ टिकत नसत. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोरचा गिऱ्हाईक आहे, पाहुणा आहे की पोलीस आहे, हे बघायची तिला सवय नव्हती. हात मात्र असा हलका, की तिने पुसलेली सुरकुती भिंगातूनही सापडत नसे.

स्टुडिओ आतोबांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. पुढच्या खोलीत ते फोटो काढत, मागच्या खोलीत खिडकीला लावलेल्या टेबलाशी बसून आत्या निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवे. डाग, मुरमं, डोळ्यांखालचं काळं, सगळं जाई. "नाक तेवढं राहू दे, नाहीतर तुझा नवरा तुला ओळखायचा नाही," असं ती नव्या नवरीला तोंडावर सांगे. माणसं तणतणत जात आणि पुढच्या वेळी परत येत, कारण आसपास दुसरा स्टुडिओ नव्हता.

आतोबा तिच्या अगदी उलट. काटकुळे, अबोल, आणि कान असे, की वारा सुटला तर माणूस उडेल की काय अशी भीती वाटावी. लग्नासाठी त्यांनी कोट शिवला होता. "लग्नानंतर अंगाला लागेल," म्हणून शिंप्याने तो दोन बोटं सैल ठेवला. अंगाला काही लागलं नाही, कोट आयुष्यभर खांद्यावरून ओघळत राहिला. पुढे वरून दुसरं बटण तुटलं, तेव्हा आत्याने आपल्या जुन्या स्वेटरचं बटण काढून तिथे लावलं. ते इतरांपेक्षा चांगलंच मोठं होतं. "दिसतं गं ते," आतोबा म्हणाले. "तुमच्या कानांपुढे कोण बटणाकडे बघतंय?" आत्या म्हणाली, आणि विषय संपला.

स्टुडिओत नवे दिवे आले, तेव्हा उजेड तपासायला आतोबा स्वतःच तो कोट घालून खुर्चीत बसले आणि आत्याने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. त्यांचा तेवढा एकच धड फोटो. फोटोग्राफरचे फोटो काढणार कोण?

मग युद्ध झालं. ते कोणी आणि कशासाठी सुरू केलं हे मला आजही धड सांगता येणार नाही, आणि ज्यांना सांगता येतं त्यांच्यापासून मी चार हात लांब राहते. मी बारा वर्षांची होते. कालपर्यंत आम्ही सगळे एकाच गावचे होतो. एका आठवड्यात पुलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे झालो. दोन्हीकडून ट्रक फिरायला लागले. एका सकाळी आमच्या गल्लीत ट्रक थांबला आणि खंदक खणायला म्हणून पुरुषांना चढवायला लागला. आतोबांनी खुंटीवरचा कोट घेतला.

"खंदक खणायला कोट?" आत्या ओरडली. "लग्नाला निघालात का?"

"थंडी आहे," ते म्हणाले.

त्या नवरा-बायकोचं शेवटचं बोलणं ते एवढंच. पुढची बावीस वर्षं आत्याने जगातल्या प्रत्येकाला शेवटचा शब्द बोलून गप्प केलं, पण तो एक त्यांच्याकडेच राहिला, आणि त्याचा तिला राग होता.

युद्ध थांबल्यावर सरकारी फॉर्म आले. 'मृत' किंवा 'बेपत्ता', यातल्या एकावर खूण करायची होती. आत्याने दोन्ही खोडले आणि बाजूला लिहिलं, 'बाहेर गेले आहेत'. कारकुनाने फॉर्म तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा ती स्वतःच ऑफिसात गेली. त्यानंतर तो फॉर्म तसाच मंजूर झाला.

स्टुडिओ तिने एकटीने उघडला. पहिली आली बेकरीवाल्याची बायको. तिच्याकडे नवऱ्याचा एकच फोटो होता, नदीवर सहलीला गेलेले असतानाचा. पठ्ठ्या बनियनवर, हातात पत्ते, तोंडात काहीतरी कोंबलेलं, आणि शेजारच्याच्या पत्त्यांत डोकावतोय. "ह्याला जरा माणसात आणून दे," ती म्हणाली. "भिंतीवर लावायचाय. मुलं विचारतात बाबा कसे होते."

आत्याने बनियनवाल्याकडे बघितलं. मग कपाटातून आतोबांची निगेटिव्ह काढली, पोस्टकार्डाएवढी एक प्रिंट काढली आणि बारीक कात्रीने आतोबांचा चेहरा कापून काढला. वरून दुसरा चेहरा चिकटवून भागत नाही, कडेची सावली पडते. भोक पाडून मागून चेहरा बसवावा लागतो, मग सांध्यावर ब्रश, मग त्या जुळणीचा पुन्हा फोटो, आणि तो मोठा करायचा. पहिलाच प्रयत्न असल्यामुळे कात्री जरा आत गेली आणि आतोबांचा डावा कान कोटाबरोबरच राहिला. तो त्या मरतुकड्या उजेडात तिला दिसलाही नाही. बेकरीवाला एका कानाने स्वतःचा आणि एका कानाने आतोबांचा होऊन घरी गेला. बायको म्हणाली, "किती रुबाबदार दिसतात!" आणि रडायला लागली. आत्या म्हणाली, "कोट घातला की गाढवही दिसतं. पूस डोळे."

मग रीघ लागली. ओळखपत्रावरचे, शाळेच्या ग्रुप फोटोतले, कोणाच्या तरी लग्नात मागे अर्धे आलेले, असे चेहरे घेऊन बायका येत. पूल उघडल्यावर पलीकडच्याही यायला लागल्या, आधी दुपारी, रस्त्यावर कोणी नसताना. आत्या दर वेळी नवी प्रिंट काढून सगळ्यांना तोच कोट घाली. कधी काळा, कधी तपकिरी रंगवी, पण बटण बदलायचं तिच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं असेल आणि हात झाला नसेल. दुसऱ्याच्या घरी आपण मेलेल्याच्या फोटोकडे निरखून बघत नाही. चेहरा बघतो आणि नजर खाली घेतो. त्यामुळे बावीस वर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

आत्याच्या स्वतःच्या घरात मात्र भिंती कोऱ्या होत्या. कॅलेंडरसुद्धा ती दाराच्या कडीला अडकवायची. "खिळा ठोकला की माणूस गेला," असं तिचं गणित होतं. मी एकदा मोठेपणाच्या जोरात म्हटलं, "आत्या, आता आतोबांचा एक फोटो लावूया." तिने मला आठ दिवस चहा विचारला नाही. पुढे स्टुडिओचं छत गळलं, निगेटिव्हला बुरशी लागली आणि आतोबा कपाटातल्या कपाटात विरघळून गेले. तेव्हाही ती काही बोलली नाही, फक्त छतवाल्याला इतकं बोलली की तो दुसऱ्या गावी कामाला गेला.

यंदा आमच्या नगरपालिकेने ठरवलं, की युद्धात गेलेल्या सगळ्यांचे फोटो वाचनालयाच्या मोठ्या खोलीत कायमचे लावायचे, अलीकडचे-पलीकडचे एकत्र. मी नगरपालिकेतच पाणी विभागात आहे, म्हणजे ज्या कामाला कोणी नाही ते माझ्या गळ्यात. समितीचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. ते अजूनही माणसांना दोन-दोनच्या रांगेत उभे करतात. घरोघर फिरून मी त्रेसष्ट फ्रेमा जमवल्या आणि शिडीवर चढून टांगल्या. आत्याचं घर सोडून. मला काही दिसलं नाही, दिसणार कसं? मी प्रत्येक फ्रेम सरळ आहे का तेवढंच बघत होते.

उद्घाटन रविवारी होतं. शुक्रवारी दुपारी पडद्यांचं माप घ्यायला शिंपी आला. आतोबांच्या लग्नाच्या वेळचा तोच, आता सत्तरीचा. खिडकीकडे जाता जाता थांबला, चष्मा लावला, एका फ्रेमपाशी गेला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"पोरी," तो म्हणाला, "खाली ये. हे माझं काम आहे."

"पडद्यांचं ना? घ्या की माप."

"पडद्यांचं नाही, कोटाचं. ही कॉलर माझ्या हातची. आणि हे बटण माझं नाही, मी मेलो तरी असलं बटण लावणार नाही."

आम्ही दोघांनी मोजले. सत्तावीस. अठरा अलीकडचे, नऊ पलीकडचे, सगळे एकाच कोटात, सगळ्यांचं दुसरं बटण ढब्बू. मला आधी हसू फुटलं, मग मी पुन्हा मोजले.

गावात गोष्ट पोचायला किती वेळ लागतो? शनिवारी सकाळी खोली भरली. बेकरीवाल्याचा मुलगा लाल होऊन उभा होता. बाबांचा तो कोट तो लहानपणापासून घरातल्या ट्रंकांमधून शोधत होता. आई सांगायची, कसरीने खाल्ला. मी आत्याला स्कूटरवरून घेऊन आले. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "खड्डे बघून चालव."

"आमची फसवणूक केलीत तुम्ही," एक बाई म्हणाली.

"तुझा नवरा मी बनियनवर लावायला हवा होता का?" आत्या म्हणाली. "की तुझ्या दिराच्या लग्नातला, तोंड वासून झोपलेला?"

हेडमास्तर उभे राहिले. "ताई, प्रश्न खरेपणाचा आहे. शिवाय आपल्या माणसांच्या अंगावर आणि त्यांच्या माणसांच्या अंगावर एकच कोट, हे बरं दिसत नाही."

"गोळीने कोणाला पत्ता विचारला नव्हता. माझा कोट कशाला विचारेल?"

खोलीत कोणीतरी हसलं. हेडमास्तरांनी हसणाऱ्याला नजरेने बाहेर काढलं. मग त्यांनी निकाल दिला: एकतर कोट ज्याचा आहे त्याचाही फोटो या भिंतीवर लागेल, म्हणजे बघणाऱ्याला खरं काय ते कळेल, नाहीतर सत्तावीस फोटो उतरवायचे.

शिंपी हळूच म्हणाला, "वहिनी, लावा ना त्याचा."

"ते बाहेर गेलेत," आत्या म्हणाली.

पलीकडची इस्त्रीवाली पुढे आली. तिने आपली फ्रेम खिळ्यावरून आधीच काढून छातीशी धरली होती. "माझ्याकडे दुसरा नाही हो," ती म्हणाली, कोणाकडे न बघता. "शाळेच्या फोटोतला चेहरा होता, तोही तुम्हाला दिला. हा उतरवला तर माझ्या मुलाला मला घरी परत टांगावं लागेल, आणि तिथे तो एकटाच आहे."

आत्याने तिच्या हातातल्या फ्रेमकडे बघितलं. मग ती मला म्हणाली, "चल. घरी."

घरी तिने पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. आतोबा बाहेर पडले. सत्तावीस आतोबा, अंगठ्याएवढे, कडेने गोल कापलेले, सगळे त्या नव्या दिव्यांकडे बघत कसंनुसं हसणारे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी तिने कापलेला चेहरा ठेवून दिला होता. मला वाटत होतं, दुसऱ्यांचे नवरे जुळवताना हिला काही वाटत नाही. मी सगळ्या जगाला हेच सांगत आले होते.

"टाकवत नव्हते," ती म्हणाली. "कचऱ्यात कसा टाकायचा माणूस?"

मी रडायला लागले. ती म्हणाली, "नाक पूस, त्यांच्यावर थेंब पडेल."

मी म्हटलं, कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊ, बेकरीवाल्याच्या अंगावरचा कोट तो दोन मिनिटांत आतोबांना घालून देईल. बेकरीवाल्याच्या मुलालाही चालेल. खरं तर तो मघाशी निघताना मागे धावत येऊन तेच म्हणाला होता.

"दिलेला कपडा अंगावरून काढून घ्यायचा?" आत्या म्हणाली. "इतकी दळभद्री नाही झाले मी."

तिने डब्यातला सगळ्यात जुना चेहरा निवडला, पहिला, डाव्या कानाशिवायचा. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या मधोमध तो चिकटवला, एवढासा, खाली ना मान ना खांदे. ब्रश काही हातात घेतला नाही, पुठ्ठा तसाच एका रिकाम्या फ्रेममध्ये घातला.

आम्ही परत आलो तेव्हा माणसं तशीच थांबली होती. हेडमास्तरांनी फ्रेम हातात घेतली आणि चष्मा वर केला. "ताई, कान एकच आहे."

"दुसरा बेकरीत आहे."

बेकरीवाल्याचा मुलगा आपल्या बाबांच्या फोटोजवळ गेला, त्याने वाकून तो कान शोधला आणि काचेवर तिथे बोट ठेवलं. शिंपी पुटपुटला, "सत्तावीस जणांना बसला हो कोट, वहिनी. चांगला बेतला होता मी."

"हो," आत्या म्हणाली. "त्यांनाच तेवढा ढगळ होता."

फ्रेमेखाली चिठ्ठी लावायची पद्धत ठरली होती: नाव, धंदा, गेल्याची तारीख. माझं अक्षर बरं म्हणून चिठ्ठ्या मीच लिहीत होते. नाव लिहिलं, 'फोटोग्राफर' लिहिलं आणि थांबले.

"पुढे लिही, 'कोट यांचा'," आत्या म्हणाली.

लिहिलं. "आणि तारीख?"

ती त्या कोऱ्या पुठ्ठ्यातल्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तिने पिशवीतून एक खिळा काढला. तो ती घरूनच घेऊन आली होती. तिने तो माझ्या हातात दिला.

"ज्या दिवशी थंडी होती, ती तारीख घाल," ती म्हणाली. "आणि नीट ठोक. हलता कामा नये."