बेकू, ब्याड

उमरग्याच्या पुढं हायवेला लागून जे पार्क आहे, त्यात आता पहिल्यासारखा राम राहिला नाही, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. म्हणणाऱ्यांतले निम्मे लोक दर रविवारी तिथंच सापडतात. मीही बरीच वर्षं हेच म्हणत आलो. माझ्या म्हणण्याला काही आधार आहे असं मला वाटायचं. आता तेही वाटत नाही.

खरं सांगायचं तर आधीचं पार्क म्हणजे काही इंद्राची बाग नव्हती. तेलाच्या धंद्यातल्या एका व्यापाऱ्यानं ते काढलं होतं. कपाळाला भस्म लावणारा, मराठी आणि कन्नड सारख्याच मोठ्या आवाजात बोलणारा माणूस. हैदराबादला जाऊन आल्यावर त्याच्या डोक्यात हे भरलं. सिमेंटचे दोन हत्ती होते, त्यातल्या एकाच्या सोंडेतून लोखंडी गज बाहेर आलेला. हौदात बदकाच्या होड्या होत्या, त्या एका बाजूला कलायच्या. एक आकाशपाळणा होता, तो वर गेला की कुरकुरायचा आणि पोरींना ओरडायला निमित्त मिळायचं. आरशांच्या खोलीत आरसे मुळातच इतके पोपडे आलेले होते, की कोणता आरसा मुद्दाम वाकडा केलाय आणि कोणता आपोआप झालाय हे कळायचं नाही. तरी सुट्टीत पाहुणे आले की त्यांना तिथं न्यायचं, हे ठरलेलं. शेंगाचटणी-भाकरीचे डबे, मिरचीची भजी, आणि परतताना कुणाचं तरी हरवलेलं चप्पल.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र चांगली होती. झुकझुक गाडी. ती सगळ्या पार्काला वळसा घालायची आणि वाटेत रुळाला आडवा एक पांढरा पट्टा ओढलेला होता. पट्ट्याच्या अलीकडच्या स्टेशनवर पाटी होती ‘महाराष्ट्र’, पलीकडच्या स्टेशनवर ‘कर्नाटक’, तीही दोन्ही लिप्यांत. मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळं मला हसू यायचं. खरी हद्द तिथून बरीच पुढं होती. पार्कातलं कर्नाटक कुंपणापलीकडच्या तुरीच्या रानापाशी संपत होतं.

गाडी चालवणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणायचे. पट्टा येईपर्यंत मामा मराठीत बोलायचे. पट्टा ओलांडला की डोक्यावरची टोपी उलटी करायचे आणि कन्नड सुरू. कर्नाटकात गाडी थांबली की उभे राहून विचारायचे, “ऊरिगी होगूणेन?” म्हणजे, गावाकडं जाऊ या का? सगळ्यांनी ओरडायचं, “ब्याड!” ब्याड म्हणजे नको. मग मामा कानामागं हात धरून विचारायचे, “मत्त बेकेन?” अजून पाहिजे का? सगळ्यांनी त्याहून मोठ्यानं ओरडायचं, “बेकू!” पाहिजे. मग मामा नाइलाज झाल्याचा चेहरा करून आणखी एक फेरी मारायचे. ती फेरी तिकिटात धरलेलीच असायची, हे पोरांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. आमच्या भागातल्या कित्येक पोरांना कन्नडचे हे दोनच शब्द यायचे, आणि ते आयुष्यभर पुरतील असं वाटायचं.

माझ्या बायकोचं माहेर पलीकडचं, बसवकल्याणच्या बाजूचं. आमच्या मराठी बोलणाऱ्या घरात येऊन तिची कन्नड हळूहळू राग आणि देव या दोन गोष्टींपुरती उरली होती. गाडीत मात्र तिचा थाट वेगळा असायचा. इरकली साडी नेसून यायची आणि पट्टा ओलांडला की मामांना कन्नडमध्ये असं काही तरी सुनवायची, की ते टोपी सावरायचे आणि आजूबाजूच्या चार बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. काय बोललीस विचारलं तर म्हणायची, “अहो, तुम्ही महाराष्ट्रात बसा.” पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा मामांनी तिची बोली ओळखली. लेक माहेरी आली की दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, तशी त्यांनी हातातली हिरवी झेंडी तिच्यावरून ओवाळली आणि तुरीच्या रानाकडं टाकली. मग ती झेंडी शोधायला दोघं जण कुंपणावरून उतरले. गाडी तोवर उभी. पुढं प्रत्येक खेपेला मामा झेंडी ओवाळायचे, पण टाकायचे नाहीत.

आमचा मुलगा तेव्हा माझ्या मांडीवर बसायचा. “ब्याड” ओरडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. घसा बसेपर्यंत ओरडायचा आणि घरी येऊन दोन दिवस आंघोळीला, जेवणाला, अभ्यासाला, सगळ्याला ब्याड म्हणायचा.

मामा वारले. व्यापारी थकला, पार्क त्याच्या मुलांकडं गेलं. त्यांनी ते बंद ठेवून नवं केलं आणि मोठ्या सोहळ्यानं पुन्हा उघडलं. हायवेच्या दोन्ही अंगांना फ्लेक्स लागले. प्रमुख पाहुण्यांचा त्यावरचा चेहरा आतल्या हत्तीपेक्षा मोठा होता. आता आपल्या लेकरांना परदेशी जायची गरज नाही, असं ते भाषणात म्हणाले. त्यांची स्वतःची लेकरं परदेशातच होती, त्यामुळं त्यांना माहिती असणार. मलाही ज्येष्ठ नागरिक म्हणून शाल मिळाली. बुलेट ट्रेनसारखं नाक लावलेल्या नव्या गाडीत पाहुणे बसले, ती मध्येच बंद पडली आणि पाहुण्यांना रुळांवरून चालत यावं लागलं. टाळ्या तेव्हाच सगळ्यात मनापासून पडल्या.

पट्टा गेला होता. पाट्याही गेल्या होत्या. महाराष्ट्राच्या भूमीवर कर्नाटकाची पाटी कशी, असं कुणीतरी मोबाईलवर लिहिलं म्हणे. व्यापाऱ्याची मुलं ती, त्यांनी वाद वाढू दिला नाही. आता तिथं ‘स्टेशन वन’ आणि ‘स्टेशन टू’ आहे. पट्ट्याच्या जागी प्लास्टिकच्या फुलांचा बोगदा आहे, त्यात फोटो काढतात. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला म्हणालो की तुझं माहेर बुजवलं. ती म्हणाली, “बुजवू द्या. मला वाट माहीत आहे.”

मागच्या हिवाळ्यात तिच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. सोलापूरला महिनाभर होतो. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलणं सगळं गेलं असं म्हणता येत नाही. एक शब्द राहिला. ब्याड.

तिला सांभाळायला जी बाई ठेवली, ती तुळजापूरकडची, तिला कन्नडचा गंध नाही. पहिल्या दिवशी खुर्चीत बसवून पेज भरवायला गेली, तर बायको म्हणाली, ब्याड. बाईनं वाटी ठेवली, तिला उचललं आणि पलंगावर नेऊन निजवलं. मला म्हणाली, “काकू बेड म्हणत्यात, अण्णा. पाठीला कळ लागली असंल.” असं चार-सहा वेळा झालं. बायको खायला नको म्हणायची आणि तिला झोपवलं जायचं. मग मी बाईला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, असंल बी, पण आमच्यात बेड म्हंजी बेडच. पुढंही ती तसंच करायची आणि मला दाखवून डोळ्यांनी हसायची, म्हणजे बघा, झोपल्या की नाही.

एव्हाना मुलाचं पुण्याहून रोज बोलणं सुरू होतं. त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. उमरग्यात दवाखाने भरपूर आहेत, पण तिला लागतात ते डॉक्टर नाहीत. पुण्यात त्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती. दोघांनी तिकडंच या, घर बंद करा, असं तो म्हणत होता. मी म्हणालो, तुझ्या आईला विचारतो. आईला विचारायचं म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या बाईनं पडद्याचा रंगसुद्धा मला ठरवू दिला नाही, तिला सामानासारखं उचलून न्यायचं, हे मला जमेना.

मी विचारलं. पुण्याला जायचं? ब्याड, ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणलं, म्हणजे इथंच राहायचं ना? ब्याड. त्याच स्वरात, त्याच चेहऱ्यानं.

सोलापूरच्या बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं की असे रोगी कधी कधी पाठ असलेलं बोलून जातात. आरतीची एक ओळ म्हटली की पुढची ओळ म्हणतात. जुन्या जागा, जुन्या सवयी वापरून बघा. आरती मी वापरून बघितली. ती टाळी वाजवायला डावा हात हलवायची, तेवढंच. मग एकदा दुपारी माझ्या डोक्यात आलं की ब्याडच्या मागोमाग येणारा एक शब्द तिला पाठ आहे. पाठ म्हणजे पोरांच्या आवाजासकट पाठ. एकदा का बेकू आलं, की तिच्याजवळ दोन शब्द होतील. दोन शब्द असले की माणसाला काहीही विचारता येतं. पुण्याचंही.

चमत्कारांवर माझा विश्वास नाही, पार्कावर तर मुळीच नव्हता. तरी मी भाड्याची गाडी सांगितली. बाईनं तिला इरकली साडी नेसवली, निऱ्या उलट्या बाजूला आल्या ते राहू दिलं.

दारावरच आमच्या मनगटाला कागदी पट्ट्या चिकटवल्या. आत हिंदी गाणी लागलेली. एवढ्या आवाजात की हत्तीसुद्धा कान पाडून उभा वाटला. सोंडेतला गज आता झाकलाय, सोनेरी रंग दिलाय. चाकाची खुर्ची बघून गाडीपाशी शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला, आजीला रिस्क नको. मग त्यानं वरिष्ठांना फोन लावला, वरिष्ठांनी आणखी कुणाला लावला, आणि शेवटी परवानगी मिळाली. मधल्या बाकावर तिला बसवलं. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मी. पुढं आडवा दांडा लागला, तो तिनं डाव्या हातानं धरला.

बोगदा आला. प्लास्टिकची फुलं तिच्या केसांना घासली. बाहेर आलो तर कुंपणापलीकडं तूर तशीच होती. तिनं मान तिकडं वळवली. ती एरवी कशाकडंच मान वळवत नाही. स्टेशन टूवर गाडी थांबली. शिट्टीवाला हात करून लोकांना उतरवत होता. मी तिच्याकडं तोंड करून म्हणालो, “ऊरिगी होगूणेन?”

“ब्याड,” ती म्हणाली.

घरी हा शब्द यायला वेळ लागतो, तोंडात फिरून फिरून येतो. इथं तो झटक्यात आला. मागच्या बाकावरची पोरं बघायला लागली. मी मामांसारखा कानामागं हात नेला आणि विचारलं, “मत्त बेकेन?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. ओठ मिटले. बेकू आणि ब्याड, दोन्ही शब्दांना ओठ मिटावे लागतात. मी मास्तरकीत पोरांच्या तोंडाकडं उत्तरासाठी पुष्कळ पाहिलंय, पण असं कधी नाही.

“ब्याड,” ती म्हणाली.

शिट्टीवाल्यानं विचारलं, आजी काय म्हणतात? बाई म्हणाली, “बेड म्हणत्यात. दमल्यात.” मी त्याला आणखी एक फेरी मागितली. त्यानं दिली, माणूस वाईट नव्हता. पुन्हा बोगदा, पुन्हा तूर. या वेळी तिनं मान वळवली नाही. मी विचारलं. तेच आलं. मग मी काही न विचारता बसून राहिलो, तर गाणं बदलताना जी शांतता झाली त्यात ती स्वतःहून म्हणाली, कुणालाही न म्हणता, ब्याड.

मामा असते, पट्टा असता, झेंडी असती तर बेकू आलं असतं का? दाराकडं येता येता मी याचाच विचार करत होतो. पार्कात राम राहिला नाही म्हणून असं झालं, हे मानायला बरं वाटतं. पण गज आलेली सोंड तशीच ठेवली असती आणि टोपी उलटी करून मामा स्वतः उभे राहिले असते, तरी तिच्या डोक्यात जिथं तो शब्द होता तिथं आता काही नाही. डॉक्टरांनी मला ते फिल्मवर दाखवलंय. काळी जागा आहे.

बाहेर पडताना टॅब घेतलेली एक मुलगी आली. तिनं खुर्चीपाशी वाकून लाघवीपणानं विचारलं, “आजी, पार्क कसं वाटलं?”

“ब्याड.”

मुलीचा चेहरा उतरला. “बॅड? काय बॅड वाटलं, आजी?” तिनं खरंच विचारलं, आणि टॅबवर काय लिहायचं म्हणून माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, आवाज कमी करा. तिनं तसं लिहून घेतलं.

मी मुलाला फोनवर हो म्हणालो आणि रविवारी तो गाडी घेऊन आला. मागची सीट उशा लावून तयार करून आणली होती. घराला कुलूप लावलं. बाईला निरोप दिला, ती रडली. आम्ही दोघांनी उचलून बायकोला गाडीपाशी आणलं तेव्हा तिनं डाव्या हातानं दार धरलं आणि मुलाकडं पाहून म्हणाली, “ब्याड.”

त्याचे डोळे भरून आले. आजारानंतर आई पहिल्यांदाच आपल्याशी बोलली म्हणून. लहानपणी ओरडलेला तो शब्द त्याला आता ओळखू आला नाही. तो तिच्या कानाशी वाकला. “हो आई,” म्हणाला, “बेड घेतलाय. नवा. डोक्याकडून वर होणारा.” आणि तिची बोटं एकेक करून दारावरून सोडवली.

तिला नको म्हणायचंय, असं मी सांगू शकलो असतो. मग त्यानं विचारलं असतं, काय नको? मी पुढच्या सीटवर बसलो आणि पट्टा लावला.