आमच्या वाडीसमोरचं शून्य

कामशेतच्या फलाटावर आबांनी माझी पत्र्याची ट्रंक खाली ठेवली. आई तिसऱ्यांदा म्हणाली, "जेवायच्या आदी हात धू. लय घाण काम हाय तुजं." मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मला उंदीर तपासायच्या खात्यात नोकरी लागली होती. प्लेग कुठे शिरतोय हे उंदरांवरून आधी कळतं, म्हणून गावोगावचे उंदीर तिथे येत. वाडीने माझं नाव 'उंदीरमास्तर' पाडलं होतं. धाकटी बहीण गंगू गाडी हलेपर्यंत त्याच नावाने हाका मारत होती, मला राग येतो हे ठाऊक असूनसुद्धा.

कान्ह्याजवळच्या आपल्या वाडीत जे राहिलात आणि माझ्यामागून जे मुंबईला गिरणीत आलात, त्या तुम्हा सगळ्यांना पुढचं सांगायचं राहून गेलंय.

उंदीर रॉकेलच्या डब्यांतून येत. शेपटीला चिठ्ठी, तिच्यावर गाव, घर, तारीख. डॉक्टर चिरून बघत, मी रजिस्टरात लिहीत असे. आपल्या वाडीच्या चिठ्ठ्या आबांच्या मोडी अक्षरात असत, कारण पोलीस पाटील तेच. त्या वर्षी मावळात प्लेग पसरत चालला होता, पण आपले उंदीर दर आठवड्याला निर्दोष निघत. माझी छाती फुगायची. आजूबाजूची गावं घरं सोडून माळावर झोपड्यांत गेली. आपणही निघावं का, असं आबांनी पत्राने विचारलं, तेव्हा मी ऐटीत उत्तर धाडलं, गरज नाही, शास्त्रीय तपासणी झालेली आहे. आबांनी ते चावडीवर वाचून दाखवलं आणि वाडी भातकापणीला लागली.

एक गोष्ट मला खटकली होती. इतर गावांच्या डब्यांत आपोआप मेलेले उंदीरही असत. आपल्या प्रत्येक उंदराची मान मात्र सापळ्यात मोडलेली असे. पण रजिस्टरात 'कसा मेला' असा रकानाच नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी गप्प बसलो.

गंगूला गाठ आल्याची तार आली. मी पोचलो तेव्हा गंगूला जाऊन दोन दिवस झाले होते. वाडी आता कुठे माळावर आली होती. आबा बांधावर बसले होते. घरात आपोआप पडलेले उंदीर कधी दिसले होते का, असं मी त्यांना विचारलं.

"दिसलं की. त्ये देवीनं नेल्यालं. परक्याच्या हाती कसं द्यायचं? हळदकुकू वाहून मी पुरलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी उंदीर मागितलं, आमी सापळं लावून धाडलं. कसं मेल्यालं पायजेत, ह्ये कुणी सांगितलं व्हतं का?"

मी त्यांच्यावर ओरडलो. त्याची लाज अजून जात नाही. त्यांनी देवीचं ते देवीला दिलं होतं. मी डोळ्यांनी पाहून कागदावर आणलं नव्हतं.

परत येऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आलेला प्रत्येक उंदीर आपण बरोबरच तपासला, निकालात चूक नाही, आणि अहवाल छापून झाला आहे, असं ते म्हणाले. त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं.

आता माझे केस पिकले. परवा एका तरुण डॉक्टरने तोच अहवाल माझ्याकडून कपाटातून काढून घेतला. मावळात पुन्हा उंदीर पडू लागलेत, आणि टोचणी आधी कुठे द्यायची याची यादी त्यावरून करायची आहे. आपल्या वाडीसमोर शून्य आहे, माझ्या हातचं. मी त्याला गंगूबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "वाईट झालं. पण याचा लेखी पुरावा आहे का?" यादीत वाडी शेवटची आहे.

म्हणून हे लिहितोय. मुंबईत एवढी वर्षं काढली, तरी घर म्हटलं की मला तुम्हीच दिसता, त्याच छपराखाली. उंदीर पडला की आमच्या कागदाची वाट बघू नका. घर सोडा. मी सोडलं तसं एकट्याने नको, सगळ्यांना घेऊन सोडा.